विहिरीवरचं वाचन

कुठल्याही गावात एसटीतून उतरलं की सर पहिल्यांदा हेच विचारायचे, "तुमच्या गावात लिहिनारं कोनी झालं का?"

पारावरची माणसं एकमेकांकडे बघायची. कोणी म्हणायचं, हाव, तहसीलसमोर बसते ना एक जण, अर्ज लिहून देते. एका गावात तर एकानं त्यांना हाताला धरून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी नेलं होतं. सर तिथे चहा पिऊन, त्याच्या अक्षराचं तोंडभर कौतुक करून परत आले. नाराज झाले नाहीत. पुढच्या गावात पुन्हा तोच प्रश्न.

लोणारला आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. मी भूगोलाचा, मूळचा धाड गावचा, वयानं त्यांच्याहून बराच लहान. मी रुजू झालो तेव्हा त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी नर्स होऊन इंग्लंडला गेली होती. घरात ते, पुस्तकं आणि दारात बसणारं एक लंगडं कुत्रं. त्या कुत्र्याशी ते इंग्रजीत बोलायचे. माणसांशी मात्र अस्सल वऱ्हाडी, मग समोर प्राचार्य असोत की संस्थेचे अध्यक्ष. वर्गातही कविता इंग्रजीत वाचायची आणि अर्थ वऱ्हाडीत सांगायचा. मुलं हसायची, पण अर्थ विसरायची नाहीत. त्यांचा राग तेवढा इंग्रजीत असे. एखादं पुस्तक कोणी उघडं, पालथं ठेवलेलं दिसलं की आधी ते उचलून नीट मिटायचे आणि मग ज्यानं ठेवलं त्याला इंग्रजीत झाडायचे. त्याला काही कळायचं नाही, म्हणून भांडण कधी वाढलं नाही.

उल्का पडून झालेल्या गावातल्या सरोवरावर त्यांचा फार राग होता. सरोवर हा शब्दच ते वापरत नसत, खड्डा म्हणत. देशोदेशीची माणसं तो बघायला येतात याचं त्यांना दुःख होतं.

"दगड पडला तं पाह्याले दुनिया येते," ते म्हणायचे. "आन मानूस जलमभर बसून लिहिते, त्याच्या घराकडं कुत्रं बी पाहत नाही."

मी भूगोलवाला. त्या दगडावर माझं पोट. पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि खिडकीशी जाऊन पुस्तक नाकाला लावून वाचत बसायचे.

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात मुलीनं त्यांना तिकडे बोलावून घेतलं. तिची नोकरी पाळीची, जावई दिवसभर बाहेर. बाप एकटा भिंतीकडे बघत बसतो म्हणून तिनं त्यांचं नाव एका सहलीत घातलं. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या वाचकांसाठी तिकडे अशा सहली असतात. एक छोटी बस, वाट दाखवायला एखादी जाणती बाई, आणि एखाद्या लेखकाचं गाव. सरांच्या बसमध्ये दोन जपानी मैत्रिणी होत्या, ब्राझीलची एक शिक्षिका होती, कॅनडाचं एक म्हातारं जोडपं होतं आणि जावयाचा कोट घातलेले आमचे सर होते. कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. फोटोत ते घरच्यांपासून चुकलेल्या मुलासारखे दिसत होते.

ज्या लेखिकेच्या गावी त्यांना नेलं तिची एक कादंबरी सरांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली होती. ती जाऊन दीडशे वर्षं झालेली. त्या दिवसाचं वर्णन आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मलाही ते गाव पाठ झालं. डोंगरावरचं गाव. आपल्या वावराच्या बांधासारख्या, नुसते दगड रचून केलेल्या भिंती. ओली मेंढरं. "तिकडचा पाऊस पडत नाही, नुसता लोंबते," असं ते म्हणायचे. लेखिकेच्या घरात काचेच्या पेटीत तिचे बूट ठेवलेले, इतके लहान की दहा वर्षांच्या पोरीला व्हावेत. ते बूट बघून जपानी बायांपैकी एक रडायला लागली. कोणी हसलं नाही, कोणी समजूत काढायला गेलं नाही. सगळे नुसते उभे राहिले.

"मी बी रडलो, बापू," सर मला म्हणाले. "बूट पाहून नाही. एवढी दुनिया तिच्यासाठी चिखल तुडवत आली, त्याच्यानं रडू आलं."

त्यांना सगळ्यात जास्त भावली ती गावाबाहेरची पिठाची गिरणी. कादंबरीतला एक दुष्ट माणूस आपल्या बहिणीला जिथे कोंडून ठेवतो, ती जागा लेखिकेनं या गिरणीवरून घेतली असं म्हणतात. आता तिथे एक कुटुंब राहतं. ते लोक सहलीतल्या पाहुण्यांना चहा देतात, आणि त्या दुष्टाच्या नावाची बिस्किटं विकतात. घरमालक मोठ्या अभिमानानं सांगत होता की तो राक्षस याच खोलीत राहायचा. सरांनी त्याला विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? तो हसला. म्हणाला, वाईट कशाचं, त्याच्यामुळे तर आमचं घर लोकांना माहीत आहे.

हे सर मला कितीदा तरी सांगत. एवढं मोठं मन असावं लागतं गावाचं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात वाईट लिहिलं तरी गाव ते पुस्तक उराशी धरतं.

परत आल्यावर त्यांचा तो प्रश्न अधिकच जोरात सुरू झाला. आणि एकदा बीबी गावच्या बाजारात कांद्याचं बी विकणाऱ्या एका माणसानं त्यांना सांगितलं की हाव, आमच्या गावच्या गुरुजीनं एक पुस्तक लिहिलं होतं, मोठं नाव झालं होतं त्याचं. ते गाव बीबीपासून जीपनं थोडंसं आत. सर तिथूनच परस्पर त्या गावी गेले. पुस्तक गावात कोणाकडे नव्हतं. शेवटी बुलडाण्याच्या एका जुन्या वाचनालयात त्याची प्रत मिळाली, कोपरे कुरतडलेली.

त्यांनी वाचून ती मला दिली. मी पुस्तकं फार वाचणारा नाही, पण हे ठेववलं नाही. प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकानं चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिलेली ही एकुलती एक कादंबरी. दुष्काळातलं गाव. नवरा सोडून गेलेली एक तरुण बाई, तिचं दोन-अडीच वर्षांचं पोर. दुसऱ्या एका माणसाबरोबर नवं घर मांडायची तिला आशा आहे, पण त्याला पोर नको. आणि एका पहाटे, पाण्याला गेली असताना, ती त्या पोराला विहिरीत ढकलते. ती चार पानं मी लागोपाठ दोनदा वाचली. त्या बाईचा राग येत नाही, तेच वाईट. तिच्या जागी आपण असतो तर, असं वाटत राहतं.

"हे पाह्य," सर म्हणाले, "आपल्याकडं बी हाय. फक्त कोनी चिखल तुडवत आलं नाही."

गुरुजी कधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात आता कोणीतरी सोयाबीनची पोती ठेवत होतं. सरांनी गावात विचारलं, या गोष्टीतलं काही खरं आहे का? गोष्टच हाय ते, असं उत्तर मिळालं. मग सरांनी सहल सुरू केली. दर वर्षी थंडी ओसरताना बीएच्या मुलांना घेऊन जायचे, आणि कॉलेजचा एक जण सोबत हवा म्हणून मीही जायचो. गुरुजींचं घर, शाळा, कादंबरीतलं कडुनिंबाचं झाड आणि शेवटी विहीर. तिकडच्या त्या वाट दाखवणाऱ्या बाईसारखेच सर पुढे चालायचे, थांबायचे, पुस्तक उघडून त्या जागेचा उतारा वाचायचे. विहिरीवर पोचलो की ढकलण्याच्या आधी वाचन थांबवायचे. पुढचं स्वतः वाचा, म्हणायचे. गावकरी खूश होते. सरपंचांनी चहा पाजला. गुरुजींच्या नावाची कमान उभारू, असंही एकदा ठरलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी आमच्यासोबत एक गोरं जोडपं होतं. सरोवर बघायला आलेले नवरा-बायको, दोघंही साठीचे, वाचणारे. सरांना ते खड्ड्याच्या काठावर भेटले आणि सरांनी त्यांना तिथून जवळजवळ पळवून आणलं. जीपमध्ये बसल्यापासून सर इतके आनंदात होते की मुलं एकमेकांना खुणा करत होती. त्यांच्या सहलीला पहिल्यांदाच परदेशी पाहुणे आले होते.

विहीर गावाच्या कडेला आहे. जुनी, दगडानं बांधलेली. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी भरत नाही, वर लोखंडी जाळी टाकली आहे. हरभरा उपटायचे दिवस होते. सर विहिरीच्या दगडी धक्क्यावर चढले, मुलं खाली बसली, गोरं जोडपं बाजूला उभं राहिलं. दोन-तीन गावकरीही होते. सरांनी वाचायला सुरुवात केली.

तेवढ्यात वावराकडून एक म्हातारी आली. डोक्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा. आपल्या वाटेनं पुढे चालली होती, पण सरांचा आवाज कानावर पडला आणि ती थांबली. भारा तसाच डोक्यावर. एका हातानं तो धरून ऐकत राहिली.

एक गावकरी चटकन तिच्याजवळ गेला. "चाल गिरजामाय, घरी चाल. ऊन हाय."

"थांब," ती म्हणाली. "वाचू दे त्यायले."

सरांना तिचं फार बरं वाटलं. गावातलं कोणीतरी आपणहून ऐकायला थांबलंय हे त्यांच्या सहलीत कधी घडलं नव्हतं. तिला नीट ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. नेहमीच्या जागी येऊन ते थांबले आणि तिच्याकडे बघून हसले.

"आवडलं का माय?"

"अजून हाय का पुढं?"

"हाय ना."

"मंग वाचा."

आणि सरांनी वाचलं. ज्या पानांशी ते दर वर्षी पुस्तक मिटायचे ती चारही पानं त्यांनी तिच्यासाठी वाचली. फार सुंदर वाचली. दोराचा आवाज, अंधारात उजळत गेलेलं पाणी, आईच्या लुगड्याला धरलेली ती मूठ, आणि मग आईचा हात.  मी गावकऱ्यांकडे पाहिलं तर ते जमिनीकडे बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

वाचून झाल्यावर म्हातारीनं भारा खाली टाकला.

"मी ढकललं, असं लिवलं का गुरुजीनं?" तिनं विचारलं.

सरांना कळलं नाही. ते पुस्तक हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"मी पानी वढून राह्यली होती. दोर हातात होता माह्या. लेकरू मागून कवा आलं मले दिसलं नाही." ती हळू बोलत होती, एखाद्याला पत्ता सांगावा तशी. "पुस्तकात आलं हे मले ठावं होतं. मले वाटे, पोरगं बुडालं, एवढंच लिवलं असन."

 तिनं जाळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"म्हून बाया लेकरं वढून घेत होत्या मी आली का. मले वाटे, अपशकुनी मानते."

एवढं बोलून तिनं भाऱ्याला हात घातला. तो तिला एकटीला उचलेना. सर धक्क्यावरून उतरले, दोघांनी मिळून तो तिच्या डोक्यावर दिला आणि ती गेली. गोऱ्या बाईनं सरांना हलक्या आवाजात विचारलं, काय म्हणाली ती? सर इंग्रजीचे प्राध्यापक. पण ते उत्तर न देता जीपकडे चालू लागले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेवटी मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ऐकून त्या बाईनं तोंड फिरवलं आणि लोणार येईपर्यंत बाहेर बघत बसली.

त्यानंतर बरेच दिवस सर घराबाहेर पडले नाहीत. मी जायचो. चहा करून द्यायचे, बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "जिंदगीभर तिले कोनी सांगतलं नाही, बापू. ते मी सांगतलं. तेबी वाचून, आवाज काढून."

मग एक दिवस घराला कुलूप दिसलं. शेजारच्यांनी सांगितलं, सकाळच्या गाडीनं बीबीला गेले. त्यानंतर ते दर आठवड्याला जायला लागले. सुरुवातीला गिरजाबाईनं त्यांना घरात घेतलं नाही. ते ओट्यावर बसून राहायचे आणि दुपारच्या जीपनं परतायचे. असं काही आठवडे झाल्यावर ती एकदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, आले तं मंग वाचा. पैल्यापासून वाचा. माह्यावर काय काय लिवलं ते सारं आयकू द्या.

मी त्यांच्यासोबत एकदा गेलो होतो. एका खोलीचं घर, सारवलेलं, भांडी घासून पालथी घातलेली. ती तुरी निवडत बसली होती आणि सर दाराशी, उजेडाच्या तोंडाला, पुस्तक नाकाशी धरून वाचत होते. मधेच ती म्हणायची, "हे खोटं." सर थांबायचे, मान हलवायचे, पुढे वाचायचे. नवऱ्याच्या मारझोडीचं आलं तेव्हा ती म्हणाली, "हे खरं हाय. गुरुजीचं घर लागूनच होतं, भिंतीतून आयकू जात होतं त्याले." एका जागी तिच्या रूपाचं वर्णन होतं. ते तिनं दोनदा वाचायला लावलं आणि तोंडाला पदर लावला. "एवढी चांगली नव्हती बाप्पा मी."

दुसऱ्या माणसाचं आलं तेव्हा ती नुसती हात हलवत राहिली. असा कोणी माणूस कधी नव्हताच.

सरांनी तिला विचारलं, गुरुजींना खरं काय घडलं ते माहीत नव्हतं का?

"त्याले नाही तं कोनाले ठावं असन?" गिरजाबाई म्हणाली. "मी बोंबलली तं तोच धावत आला. त्यानंच उडी मारली विहिरीत. पोराले त्यानंच वर काहाडलं. माह्या मांडीवर आनून ठेवलं त्यानं."

सरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

जीपची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. मी म्हणालो, असं का लिहिलं असेल त्यानं? सरांनी पुस्तक पिशवीत घातलं.

"पोरगं पाय घसरून पडलं, असं लिहिलं असतं तं कादंबरी झाली नसती," ते म्हणाले. "तशी लिहिली म्हून चांगली झाली. आन चांगली झाली हे खोटं नाही ना, बापू. तेच तं हाय."

  ती चार पानं मला अजून तितकीच चांगली वाटतात.

पुस्तक संपलं तेव्हा गिरजाबाईनं सरांकडे एकच गोष्ट मागितली. जिथे वाचलं तिथेच उभं राहून, ज्यांच्यासमोर वाचलं त्यांच्यासमोर सांगा, की असं झालं नव्हतं. तोवर त्या तुकडीची मुलं पांगली होती. सरांनी त्यांना शोधायला सुरुवात केली. एक जण मेहकरला औषधाच्या दुकानात होता. एक पोलीसभरतीची तयारी करत होता, त्याला त्यांनी पहाटे मैदानावर गाठलं. एक मुलगी लग्न होऊन देऊळगाव राजाला गेली होती. तिच्या सासरी सर जाऊन बसले तेव्हा सासऱ्यांना वाटलं, म्हातारा वर्गणी मागायला आला आहे. एसटीनं हिंडून हिंडून त्यांचे पाय सुजले. मी म्हणायचो, फोन करा. ते म्हणायचे, वाचताना मी तोंडानं वाचलं, आता निरोप कसा धाडू? त्या गोऱ्या जोडप्यापर्यंत मात्र फोनशिवाय पोचायची वाट नव्हती. त्यांचं उत्तर आलं, त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा. सरांनी तो जाऊन सांगितला.

ठरल्या दिवशी अर्धीअधिक मुलं आली. पुण्याला कंपनीत लागलेला एक जण रजा टाकून आला होता. खबर लागून गावही जमलं. गिरजाबाई धुतलेलं लुगडं नेसून विहिरीपासून जरा दूर एका दगडावर बसली होती. सर धक्क्यावर चढले नाहीत. खालीच उभे राहिले आणि मुलांना म्हणाले की मागं मी इथं जे वाचलं ते या बाईबद्दल होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते खरं नव्हतं. पोरगं आपलं आपण पडलं. आईनं ढकललं नाही. एवढंच बोलून ते थांबले. वर्गात तासभर न थांबता बोलणारा माणूस तो.

गर्दीतून एक म्हातारे पुढे आले. किसनराव त्यांचं नाव. गिरजाबाईच्याच वयाचे.

"आमाले ठावं हाय हे," ते म्हणाले.

सरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"सगळ्यायले ठावं होतं. गुरुजीले वर घ्यायले दोर मीच सोडला होता."

"मंग एवढे वर्सं कोनी बोल्लं काऊन नाही?" सरांनी विचारलं.

किसनरावांनी विचार केला. टाळायचं म्हणून नाही, खरंच आठवून बघत होते. "पैले बोलत होतो," ते म्हणाले. "मंग पुस्तक आलं. गुरुजीचा सत्कार झाला, फेटा बांधला. बाहेरगावी गेलो का लोक म्हनत, हे त्या पुस्तकातल्या गावचे. एकच तं पुस्तक निंघालं सर, आमच्या गावातून. त्याले खोटं कसं म्हनाव?" ते पुढे म्हणाले, "मंग पोरायले तेच खरं वाटाले लागलं. आन मंग आमाले बी."

 मी सरांच्या शेजारीच होतो. ते एखाद्यावर चिडतील, इंग्रजीत काही बोलतील असं मला वाटत होतं. पण त्यांनी नुसती मान खाली घातली, आपल्याबद्दलच कोणी बोलल्यासारखी.

गिरजाबाई उठली. "झालं का सांगून?"

"हाव माय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि घराकडे निघाली. बायांनी तिला वाट दिली. आताच सगळं ऐकलं होतं त्यांनी. तरीही ती जवळून गेली तेव्हा दोघी-तिघींनी आपली लेकरं मागे ओढली. सवयच ती. त्यांच्या सासवांनी त्यांना शिकवलेली.

कमान झाली नाही. सरांची सहलही बंद झाली. बाहेरगावी गेले तरी ते पूर्वीसारखं काही विचारत नसत, उतरून आपल्या कामाला लागत. गिरजाबाईकडे मात्र दर आठवड्याला जात राहिले. तिथे काय करता, मी एकदा विचारलं. काही नाही, म्हणाले. ती बोलते, मी आयकतो. आता वाचाचं काही राह्यलं नाही. घरातली पुस्तकं त्यांनी हळूहळू कॉलेजला देऊन टाकली, आणि ती कादंबरी बुलडाण्याला नेऊन जागच्या जागी ठेवली. मुलगी तिकडे बोलवत होती, पण ते गेले नाहीत. तिला सांगायचे, पाय सुजतात, विमानात बसवत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतच गेले. मुलगी येईपर्यंत आम्ही थांबलो. शिकवलेली मुलं बरीच जमली होती. गिरजाबाईला कोणी कळवलं नव्हतं. तिच्याकडे फोन नव्हता आणि गावातल्या कोणाला ते सुचलं नसतं.

दिवसपाणी झाल्यावर मी गेलो. मला एकट्याला बघूनच तिला कळलं असावं. तिनं बसायला पोतं टाकलं. मी सांगितलं. तिनं विचारलं, दुखलं का फार? मी म्हणालो, नाही. जवळ कोनी होतं का? मी खरं सांगितलं, कोणी नव्हतं.

बराच वेळ ती चुलीपुढची राख काडीनं सारखी करत बसली. मग म्हणाली, "गावात माह्या पोराले पुस्तकातल्याच नावानं वयखते. गुरुजीनं ठेवलेलं नाव. किसनरावले बी आता खरं नाव सांगता येत नाही, मी इचारून पाह्यलं." तिनं काडी चुलीत टाकली. "सरायले खरं नाव सांगतलं होतं मी. ते आले का त्याच नावानं इचारत, त्याचं एखादं सांग म्हनत. मंग मी सांगो. तो कसा चाले, काय खाये. एवढ्या वर्सात माह्याशिवाय ते नाव दुसऱ्या कोनाच्या तोंडातून मी आयकलं ते त्यायच्याच."

सरांनी ते नाव मला कधी सांगितलं नव्हतं.

मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, बीबीची जीप निंघून जाईन, निंघा आता. मी उठलो. ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि मी वळणावरून मागे पाहिलं तेव्हा आत गेली होती.